शंका-समाधान : ज्वारीच्या धाटातला कोळसा

गेल्या अंकात या सदरात रब्बी ज्वारीवरील खडखड्या रोगाचा ओझरता उल्लेख आला होता, आणि त्यात ‘या रोगाची बुरशी अगदी क्वचित माणसालाही बाधते’ असे एक वाक्य होते. त्या एका वाक्याने इतकी पत्रे आणली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे, त्यांतील काहींच्या आजारपणाचा विषय असल्यामुळे, छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी कोरडवाहू मालदांडी ज्वारी आहे. जानेवारीच्या अखेरीस कणसे भरत आलेली दिसत असतानाच ताटे बुडातून मोडून आडवी झाली. ताट चिरून पाहिले तर आत काळी भुकटी होती. वडील याला खडखड्या म्हणतात. ही भुकटी म्हणजे नेमके काय, आणि काढणी-मळणीत ती हाताला लागते, नाकातोंडात जाते, त्याचे काय? (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : वडिलांचे निदान बरोबर आहे. खडखड्या हा शब्द ऐकताच वाळलेली ताटे वाऱ्यावर एकमेकांवर आपटत असल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ‘चारकोल रॉट’ किंवा त्यावरून बेतलेले ‘कोळसा कूज’ यांपेक्षा मला हेच नाव अधिक अर्थवाही वाटते. रोगाला कारणीभूत असलेल्या बुरशीचे शास्त्रीय नाव मॅक्रोफोमिना फॅसिओलिना असे आहे. रोगट ताट बुडाशी उभे चिरले असता आतला मऊ गर नाहीसा झालेला आणि नुसत्या शिरा दोऱ्यांसारख्या सुट्या राहिलेल्या दिसतात, आणि त्या दोऱ्यांवर मिऱ्याची पूड शिंपडावी तसे काळे कण चिकटलेले असतात. हे कण बुरशीचे बी नव्हे. बुरशीचे धागे एकमेकांत घट्ट विणले जाऊन आणि काळ्या रंगद्रव्याचे कवच चढून झालेल्या त्या गाठी आहेत. एकेक गाठ साधारणपणे मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून सातव्या भागापर्यंत मोठी असते. पीक गेले, धसकटे कुजली, तरी या गाठी मातीत काही वर्षे, अनुकूल परिस्थितीत दहा-पंधरा वर्षांपर्यंतही, जिवंत राहू शकतात.

या बुरशीचे वैशिष्ट्य असे की, बहुतेक रोगकारक बुरशींना जे हवे असते, म्हणजे ओल, गारवा, धुके, ते हिला नको असते. ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि कोरडी पडत चाललेली जमीन हे तिचे आवडते हवामान. अशा वेळी मातीतील तिचे प्रतिस्पर्धी जीवाणू थंडावतात आणि हिला मोकळे रान मिळते. ती मुळात शिरते बरीच आधी, पण पीक तरतरीत असेपर्यंत ती तिथे जवळजवळ मुकाट बसून असते. ज्वारी निसवून दाणे भरू लागले, आणि त्याच सुमारास जमिनीतली ओल संपली, म्हणजे पानांत तयार होणारी साखर कमी पडू लागते. कणीस मात्र आपला वाटा सोडत नाही. ते धाटात साठवलेली साखर ओढून घेते, मुळांचा आणि धाटाच्या बुडाचा पुरवठा तुटतो, तेथल्या पेशी उपाशी मरू लागतात आणि मुळात दबा धरून बसलेली बुरशी वर चढते. म्हणूनच ज्याचे कणीस भरघोस, तेच ताट आधी आडवे झाले, असा अनुभव अनेकांना येतो. तो दृष्टिभ्रम नव्हे.

यातूनच उपायांची दिशा कळते. औषध फवारून हा रोग आटोक्यात येत नाही; रोग मुळात आणि धाटाच्या आत, आणि तेही पीक जवळजवळ हाती आलेले असताना. झाडाची तहान शेवटच्या महिन्यात कितपत भागते, यावर सगळे अवलंबून आहे. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ ही आपली म्हण या रोगाच्या बाबतीत शब्दशः खरी आहे. पेरणीनंतर सुमारे आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने केलेली कोळपणी काळ्या जमिनीच्या भेगा बुजवते आणि ओल उडून जाऊ देत नाही. एखादे संरक्षित पाणी देता आले तर ते पोटरीत किंवा फुलोऱ्यात द्यावे. ताटांची गर्दी करू नये, आणि ओल कमी असताना युरियाचा हात सैल सोडू नये, कारण दोन्हींमुळे पीक सुरुवातीला फोफावते आणि शेवटी तहानेने अधिक लवकर कोलमडते. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावा : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, अशा शिफारशी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केलेल्या आहेत. आपली मालदांडी, म्हणजे मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली एम ३५-१, अवर्षण सोसणारी आहे. परंतु सोसण्यालाही मर्यादा असते. दाणे पक्व होईपर्यंत ज्यांची पाने हिरवी राहतात असे वाण या रोगाला कमी बळी पडतात, आणि पैदासकार तोच गुण शोधत असतात.

आता भुकटीविषयी. धडधाकट माणसाच्या हाताला ती लागल्याने काही होत नाही. फुप्फुसाच्या दृष्टीने तर या गाठींचा आकारच आपल्या पथ्यावर पडतो. हवेतून फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायला कण काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो. या गाठी ५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या, म्हणजे त्या नाकातच अडकतात. मात्र मळणीच्या धुळीत ही एकटी बुरशी नसते. त्यात ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू असतात, भुसा असतो, कुसे असतात, आणि त्यांनी दमा उठतो, वर्षानुवर्षे फुप्फुस कडक होत जाते. तोंडाला उपरण्याचा पदर बांधणे काहीच न बांधण्यापेक्षा बरे, परंतु ज्यांना खोकल्याचा त्रास आहे त्यांनी एन-९५ मुखपट्टी वापरावी. ती खडखड्यासाठी नव्हे, उरलेल्या धुळीसाठी.

जाता जाता एक खुलासा. काही शेतकरी कणसातील काळ्या पुडीलाही हेच नाव देतात. कणसात दाण्याच्या जागी काळी पूड भरली असेल तर ती काणी, तो सर्वस्वी वेगळा रोग, आणि पेरणीपूर्वी बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळल्याने तो टळतो.

प्रश्न : मुलाच्या कृषी पदविकेच्या एका पुस्तकात हरभऱ्याच्या रोगाला ‘रायझोक्टोनिया बटाटीकोला’ कारण दिले आहे आणि दुसऱ्यात ‘मॅक्रोफोमिना फॅसिओलिना’. यातले चूक कोणते? (एक पालक, परभणी)

उत्तर : चूक कोणतेच नाही, एकाच बुरशीची ही दोन नावे आहेत. बुरशी कशी दिसते यावरून नाव देण्याची जुनी पद्धत होती, आणि ही बुरशी दोन रूपांत दिसते. काही पिकांवर ती बीजाणूंच्या बारीक कुप्या तयार करते. ते रूप इटलीत तास्सी यांनी १९०१ मध्ये घेवड्यावर पाहिले, म्हणून फॅसिओलिना, म्हणजे घेवड्यावरची. इतरत्र ती नुसत्या काळ्या गाठी करते. ते रूप अमेरिकेत १९१३ मध्ये रताळ्यावर वर्णिले गेले, म्हणून बटाटीकोला, म्हणजे बटाट्यावर राहणारी. येथे बटाटा म्हणजे रताळे, हे लक्षात ठेवावे : पोर्तुगीजांनी आणलेला ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचा, आणि आपण मराठीत तो दुसऱ्याच कंदाला चिकटवला. १९२५ मध्ये या रूपाला रायझोक्टोनिया गणात घालणारे बटलर हे बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत अनेक वर्षे बुरशीतज्ज्ञ होते. भारतात हे नाव इतके मुरले, त्याचे हेही एक कारण असावे. हल्ली मॅक्रोफोमिना हेच नाव ग्राह्य मानतात. परीक्षेत दोन्ही लिहावीत.

प्रश्न : २०२१ मध्ये कोरोनानंतर ‘काळ्या बुरशी’ने अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. पुढे २०२३ मध्ये कोलकात्यात एका व्यक्तीला झाडांची बुरशी घशात झाल्याची बातमी वाचली. आता आपण लिहिता की ज्वारीची काळी बुरशीही माणसाला होते. मग वनस्पतींच्या बुरशी माणसांकडे वळू लागल्या आहेत का? (दोन पत्रे, पुणे आणि नाशिक)

उत्तर : या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून निराळ्या आहेत, आणि ‘काळी’ या एका विशेषणाने त्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत. २०२१ मधला आजार म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी मुळी काळी नसतेच. ती रक्तवाहिन्या बंद करते आणि रक्ताविना मेलेले मांस काळे पडते. शिळ्या भाकरीवर उगवणाऱ्या बुरशीच्या नात्यातली ती आहे, आणि अनियंत्रित साखर व स्टिरॉइडचा अतिवापर यांमुळे तिला त्या वर्षी दार उघडे मिळाले. खडखड्याची बुरशी मात्र खरोखरच काळी आहे, पण तिचा त्या साथीशी काहीही संबंध नव्हता.

कोलकात्याची हकिकत अशी की, वनस्पतींच्या बुरशींचा अभ्यास करणाऱ्या एका व्यक्तीला आवाज बसणे, खोकला आणि गिळताना त्रास अशी लक्षणे कित्येक आठवडे होती. श्वासनलिकेशेजारी पू झालेला आढळला, आणि त्यातून निघालेली बुरशी कॉन्ड्रोस्टिरियम पर्प्युरियम असल्याचे जनुकीय तपासणीत ठरले. ही बुरशी थंड प्रदेशांतील गुलाबवर्गीय फळझाडांच्या पानांवर चंदेरी छटा आणते. पू काढून आणि बुरशीनाशक गोळ्या देऊन ती व्यक्ती बरी झाली. अशा बुरशीने माणसाला बाधा झाल्याची ती पहिली नोंद होती, म्हणून बातमी झाली.

खडखड्याच्या बुरशीने माणसाला झालेल्या बाधेच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात मोजक्याच आहेत. २००८ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरात ही आणि तिच्याच कुळातील आणखी एक बुरशी, अशा दोन पसरल्या होत्या. २००९ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलाच्या त्वचेत ती सापडली. २०१२ मध्ये चेन्नईतून डोळ्याच्या पारपटलात, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यात, ती आढळल्याची नोंद आली. पाचशेहून अधिक वनस्पतींवर जगणाऱ्या आणि आपल्या देशात लाखो हेक्टरांवर पसरलेल्या बुरशीच्या मानाने हे प्रमाण किती नगण्य आहे, ते पाहावे. आपले शेतकरी पिढ्यान् पिढ्या अनवाणी या मातीत वावरत आले आहेत.

असे असूनही प्रश्न उरतोच, आणि तो मला स्वतःला फार रोचक वाटतो. बहुतेक बुरशी माणसाला बाधत नाहीत याचे एक मोठे कारण आपल्या अंगाची ऊब हे आहे. २००९ मध्ये रॉबर्ट आणि कासादेव्हाल या संशोधकांनी नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील बुरशीसंग्रहातील ४,८०२ बुरशींची नोंद तपासली, तेव्हा असे दिसले की ३० ते ४० अंशांच्या दरम्यान प्रत्येक एका अंशाला सुमारे ६ टक्के बुरशी गळत जातात. ३७ अंशांवर वाढू शकणाऱ्या उरतात त्या थोड्या. खडखड्याची बुरशी त्या थोड्यांपैकी एक आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वाढणारीला आपल्या अंगाचा ताप तो काय वाटणार? म्हणजे उष्णतेची ही भिंत तिने केव्हाच ओलांडली आहे, आणि तरीही ती बाधत नाही, कारण उष्णतेमागे आणखी भिंती आहेत : अखंड त्वचा, बुरशीचा धागा दिसताच त्याला घेरणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि बुरशीला लागणारे लोह घट्ट धरून ठेवणारी रक्तातली प्रथिने. शिवाय ती हवेत उडणारे बीजाणू फारसे सोडत नाही. या भिंती ज्याच्या पडलेल्या असतात, त्याच्यापुरता तिचा धोका. ज्वारीत ती तहानलेले झाड शोधते आणि माणसात प्रतिकार संपलेला देह. निरोगी झाडात तिने काय केले असते, तेच निरोगी माणसात करते, म्हणजे फारसे काही नाही.

तापमानवाढीमुळे अधिकाधिक बुरशी उष्णता सोसायला शिकतील आणि त्यांतल्या काही माणसाकडे वळतील, अशी मांडणी कासादेव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कॅन्डिडा ऑरिस या बुरशीच्या संदर्भात केली आहे. ती विचारात घेण्यासारखी आहे, पण ती अद्याप मांडणीच आहे. आणि ती मांडणी जिला उष्णता नवीन आहे अशा बुरशीविषयी आहे. आपली ज्वारीची बुरशी उष्णतेची जुनी सवयीची.

प्रश्न : काढणीच्या वेळी ज्वारीचे पाते माझ्या भावाच्या डोळ्यात गेले. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले, दोन दिवस बरे वाटले. आता दहा दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आणि उजेड सहन होत नाही. घरचे म्हणतात फूल पडले, आता काही उपाय नाही. (एक वाचक, जत तालुका)

उत्तर : या पत्राला आम्ही दूरध्वनीवरून उत्तर दिले होते, तरीही येथे सविस्तर लिहितो, कारण सदरातील सर्व प्रश्नांत हाच सर्वांत महत्त्वाचा आहे.

बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, रक्तवाहिन्या नसतात. पारदर्शक राहण्यासाठी ते आवश्यक आहे, पण त्यामुळे शरीराचे पहारेकरी तेथे उशिरा पोचतात. पात्याच्या करवती कडेने त्यावर ओरखडा उठला आणि पात्याबरोबर बुरशी आत गेली, की पहिले काही दिवस फारसे काही जाणवत नाही. जिवाणूंची जखम एक-दोन दिवसांत भडकते. बुरशीची आठ-दहा दिवस सावकाश पसरते. त्या मधल्या काळात दुकानातून आणलेले थेंब घातले जातात, आणि अशा थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने लाली ओसरते, दुखणे थांबते, आणि बुरशीला आवर घालणारी शरीराची प्रतिक्रियाही थांबते. ‘दोन दिवस बरे वाटले’ या आपल्या वाक्यात तो सगळा धोका आला आहे. डोळ्यात मध, आईचे दूध किंवा पाल्याचा रस घालणे हेही तितकेच घातक.

अशा जखमेत खडखड्याचीच बुरशी असेल असे समजू नये. आपल्याकडे पारपटलाच्या बुरशीजन्य जखमांत फ्युझेरियम आणि ॲस्परजिलस यांचाच मोठा वाटा असतो. मॅक्रोफोमिना किंवा तिच्या कुळातील लासिओडिप्लोडिया ही अपवादाने आढळते. पण उपचाराची सुरुवात सारखीच होते. नेत्रतज्ज्ञ जखमेची कड खरवडून ते द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि बुरशीचे धागे दिसले की नॅटामायसिनचे ५ टक्के थेंब जागेपणी तासातासाला घालायला सांगतात. हे औषध दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून मिळालेले आहे. मातीतल्या शत्रूला मातीतलाच प्रतिस्पर्धी. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याच्यापेक्षा नव्या आणि महाग व्होरिकोनाझोलच्या तुलनेत तेच सरस ठरले. उपचार आठवडेच्या आठवडे चालतो. डोळा शांत दिसू लागताच थेंब सोडून देणे ही दुसरी मोठी चूक.

फूल पडले म्हणजे संपले, हेही खरे नाही. जिवंत जखमेचा पांढरा ठिपका आणि भरलेल्या जखमेचा वण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिलीवर औषध आहे, दुसरीवर दृष्टी फार अडत असेल तर पारपटल रोपण आहे. आपल्या भावाला उजेड सहन होत नाही, म्हणजे जखम जिवंत आहे. दुकानातील थेंबांची बाटली टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. तीत काय होते हे त्यांना कळले पाहिजे. आणि पुढच्या सुगीला काढणी करणाऱ्या प्रत्येकासाठी साधा प्लॅस्टिकचा चश्मा आणून ठेवावा. वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तसला कडेने बंद असलेला उत्तम.

प्रश्न : आईचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. ती शेतावर राहायला जाण्याचा हट्ट धरते. तिने काय काळजी घ्यावी? ज्वारीची भाकरी चालेल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : भाकरी निःशंक चालेल. भाजण्याची उष्णता बुरशी सोसत नाही, आणि खडखड्या हा धाटाचा रोग आहे, दाण्याचा नव्हे. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी मात्र कोणीच खाऊ नये, ती वेगळ्याच बुरशींनी भरलेली असते.

शेतावर राहण्यास हरकत आहे की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे, आणि ते प्रत्यारोपणाला किती महिने झाले आणि औषधांची मात्रा किती यावर अवलंबून असते. परवानगी मिळाल्यास त्यांनी अनवाणी फिरू नये, मळणीच्या वेळी खळ्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ थांबू नये, खत-माती हाताळताना हातमोजे घालावेत, आणि काटा किंवा धसकट लागले तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी. त्या जागी आठवड्या-दोन आठवड्यांनी न दुखणारी, काळपट, वाढत जाणारी गाठ आली तर मलम लावून वाट पाहू नये. डॉक्टरांना ‘शेतात काटा लागला होता’ हे आपण होऊन सांगावे. प्रयोगशाळेत ही बुरशी भरभर वाढून थाळी कोळशासारखी काळी करते, परंतु ओळख पटवणारे बीजाणू तेथे सहसा देत नाही. त्यामुळे ती ‘दूषित नमुना’ म्हणून फेकली जाण्याचा संभव असतो. रुग्ण शेतीशी संबंधित आहे एवढी माहिती चिठ्ठीवर असली तर तज्ज्ञ ती थाळी फेकत नाही, जनुकीय ओळखीसाठी पुढे पाठवतो.

प्रश्न : सोयाबीन आणि हरभरा यांनाही हीच बुरशी लागते काय? (तीन पत्रे, लातूर, वाशीम आणि अकोला)

उत्तर : होय. सोयाबीनमध्ये फुलोरा-शेंगांच्या काळात पावसाने दीर्घ उघडीप दिली की झाडे पट्ट्यापट्ट्यांनी सुकतात, पाने वाळून झाडालाच लोंबकळत राहतात, आणि बुडाची साल नखाने सोलली तर खाली राखाडी रंगावर काळे ठिपके दिसतात. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. असे वर्ष या बुरशीचे. सोयाबीन पिवळे पडले की सगळेच ‘मोझॅक’ (पाने पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग) म्हणतात, पण साल सोलून पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये.

हरभऱ्यात तिला कोरडी मूळकूज म्हणतात. पारा ३० अंशांपुढे जाऊ लागला आणि जमीन सुकली की घाटे धरण्याच्या सुमारास झाड गवती रंगाचे होऊन वाळते. उपटले तर बारीक मुळे जमिनीतच राहतात आणि सोटमूळ वाळक्या काडीसारखे कट्कन मोडते. मर रोगात मूळ असे ठिसूळ होत नाही, उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते. ही खूण लक्षात ठेवावी, कारण मर रोगाला प्रतिकारक असलेला वाण कोरड्या मूळकुजीला प्रतिकारक असतोच असे नाही. पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया करावी, शेणखतात मुरवलेले ट्रायकोडर्मा जमिनीत द्यावे. त्यानंतरही मुख्य औषध वेळेवर पेरणी आणि शेवटची ओल हेच.

या बुरशीवरील एक मोठे काम बांगलादेशात झाले आहे. तेथे ती तागाचे खोड कुजवते. म्हणून मकसुदुल आलम यांच्या नेतृत्वाखालील चमूने २०१२ मध्ये तिचा संपूर्ण जनुकीय आराखडा उलगडला. त्यात वनस्पतींच्या पेशीभित्ती फोडणाऱ्या विकरांच्या जनुकांचा मोठा साठा आढळला. धाटातला गर नाहीसा होऊन नुसत्या दोऱ्या का उरतात, त्याचे हे उत्तर.

प्रश्न : उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापवली तर ही बुरशी मरेल ना? आणि रोगट ताटांचा कडबा जनावरांना घालावा का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : येथे अनेकांची निराशा करावी लागते. किडींच्या कोषांसाठी आणि कुंदा-हरळीसाठी उन्हाळी नांगरट उत्तमच आहे, ती सोडू नये. पण या बुरशीच्या गाठी कोरड्या मातीत ५० अंशांची धगही सोसतात. राजस्थानच्या वाळवंटी जमिनीत त्या टिकून राहतात, ही वस्तुस्थिती आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत गवार पिकातील याच बुरशीवर बरेच काम झाले. कोरड्या उष्णतेला दाद न देणाऱ्या गाठी ओल्या उष्णतेपुढे टिकत नाहीत, असे त्यातून दिसून आले : उन्हाळ्यात मोहरीचे अवशेष मातीत मिसळून एखादे पाणी दिले असता, कुजणाऱ्या मोहरीतून निघणारे उग्र वायू आणि ओली धग मिळून गाठींची संख्या चांगली घटते. ओल मिळाली की गाठ फुगते, कवच सैल होते, मातीतले शत्रूही जागे होतात.

सांगोल्याला एप्रिलमध्ये शेताला द्यायला पाणी कुठले, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबर आहे. सबंध रानासाठी हा उपाय मी सुचवणार नाही. भाजीपाल्याचे वाफे किंवा रोपवाटिका असेल तर तेवढीच जागा भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिकने चारी कडा मातीत दाबून, मे महिन्यात चार ते सहा आठवडे झाकून ठेवावी. ज्वारीच्या रानात रोगट ताटांची धसकटे वेचून काढावीत, आणि तेथे लागोपाठ ज्वारी-हरभरा न घेता मध्ये एखादे वर्ष बदल करावा. तो बदल कोणत्या पिकाने करावा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो अवघड आहे : पाचशे यजमान असलेल्या बुरशीसमोर करडई, सूर्यफूल, तीळ, मूग, कापूस यांपैकी कोणतेही पीक पूर्ण सुरक्षित नाही. त्यामुळे फेरपालटाने ती उपाशी मरेल अशी अपेक्षा ठेवू नये. फार तर तिची वाढ मंदावते.

रोगट कडब्याविषयीही आपण विचारले आहे. आडव्या झालेल्या ताटांचा कडबा मातीला टेकून ओला झाला नसेल आणि त्याला बुरसट वास येत नसेल, तर तो जनावरांना घालण्यास हरकत नाही; तो हलका आणि कमी सकस असतो, एवढेच. बुडाचा काळा झालेला वीतभर भाग मात्र कोयत्याने छाटून जाळावा. तो गोठ्यात गेला तर गव्हाणीतल्या उष्ट्याबरोबर उकिरड्यावर जातो, आणि नीट न तापलेल्या शेणखतातून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शेतात येतो.